दिव्याला बटण नाही

बाबा,

मी पहिल्या पाळीला जाते आहे. तुम्हाला उठवलं नाही. उठवलं असतं तर पुन्हा वाद झाला असता, आणि माझ्यात आता त्राण नाही. हाताचं प्लास्टर परवा निघालं, आज होडी काढायचीच म्हणता, तर काढा.

होडीचा नवा दिवा टेबलावर आहे. दोनदा जळला, तिसऱ्यांदा जमला. जुन्याच डब्यात एलईडी बसवलेत आणि झाकणाला सायकलच्या ट्यूबचं रबर लावलंय, पाणी शिरणार नाही. काल सकाळपासून पेटता ठेवलाय, तरी होडीची बॅटरी जेमतेम उतरली आहे. इंजिन सुरू करायला ती पुरून उरेल.

दिवा काठीच्या टोकाला, तुमच्या डोक्याच्या वर बांधायचा. शेजारचे काका बांधून देतील, मी सांगून ठेवलंय. त्यांच्यावर खेकसू नका.

मोठ्या बोटीने धडक दिली त्या संध्याकाळी आपला दिवा बिघडला होता, असं मी आईला सांगितलंय. तुम्हीही तेच सांगा. बॅटरी वाचवायला तुम्ही तो स्वतःच मालवला होतात, हे कळलं तर ती रोज धक्क्यावर जाऊन बसेल.

आणि हो, दिव्याचं बटण शोधत बसू नका. मी बसवलेलंच नाही. बॅटरीला जोडलेली तारही पक्की आवळली आहे, तुमच्या त्या हाताने सुटायची नाही. संध्याकाळी परत या, मी धक्क्यावर येऊन सोडवेन.

थोरली