तुमचा सर्व्हर आणि माझा लॅपटॉप

बाबा, तुमच्या सर्व्हरने गेले पाच-सहा दिवस माझा जीव नकोसा केलाय. गावपळणीचा दुसरा दिवस आहे, अख्खा गाव घरं रिकामी करून बाहेर आलाय. मी वेशीबाहेर, माडाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या झोपडीत बसलेय आणि ते धूड माझ्या पाठीमागे ताडपत्रीवर पडलंय. आईने त्याच्यावर पाण्याची कळशी ठेवलीय. अगं, पाणी नको त्याच्यावर, म्हटलं तर म्हणाली, बंद आसा मा, मगे टेबलच तां. दोन माणसांनी उचलून टेम्पोत घालावं लागलं, माझ्या करंगळीचं नख गेलं, आणि टेम्पोवाला निघताना तीनदा विचारत होता की ह्यात नक्की काय आहे. काय सांगणार? मोडीत काढायचं म्हणून कुडाळच्या एका कचेरीने बाहेर टाकलेलं मशीन तुम्ही घरी आणलंत, त्याला पडवीत जागा दिलीत, आणि स्वतः निघून गेलात. निस्तरायला मी आहेच.

ह्या वर्षी गावपळणीसाठी देवाचा कौल झाला तसं आईने मला फोनवर बजावलं, ह्यां मशीन आधी भायर काढ, ह्या खेपेक तां घरात असताना मी गावची येस ओलांडूचंय नाय. मी म्हटलं, प्लग काढून ठेवते, वायर कापून टाकते, पण चाळीस किलोचं ओझं तीन दिवसांसाठी गावाबाहेर कशाला? ती ऐकेना. म्हणून मी रजा टाकून चार दिवस आधी आले. तुमचं उरलेलं काम उरकायचं, मशीन रिकामं करायचं आणि भंगारात द्यायचं, असं ठरवून. उरलेलं काम म्हणजे दशावताराच्या नऊ टेपा. सत्त्याऐंशी टेपांमधल्या अठ्ठ्याहत्तर तुम्ही साफ करून ठेवल्या होत्यात. बाकी नऊ तुम्ही डिस्कवर उतरवल्या होत्यात, पण त्यांतली खरखर काढणं आणि फाईल बारीक करणं राहिलं होतं. तुम्हीच सांगायचात, दशावताराला लिहिलेलं नाटक नसतं, राजा आज जे बोलला ते उद्या बोलेलच असं नाही, म्हणून टेप गेली की ते बोलणं गेलं. हे मला पटत होतं. माझं भांडण टेपांशी कधीच नव्हतं, त्या मशीनशी होतं.

आठवतंय ना, मी नवा लॅपटॉप घेतला आणि तुम्हाला कौतुकाने सांगायला फोन केला, तेव्हा तुम्ही पहिलं काय विचारलंत? कोअर किती? मी म्हटलं चार. तर तुम्ही हसलात. तुमच्या मशीनमध्ये दोन प्रोसेसर, एकेकात आठ कोअर, म्हणजे सोळा. शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस, आणि कोअर मोजून प्रोसेसर जोखत होता. मी सांगायचे, बाबा, तुमचे सोळा जुने आहेत, एकेक जण हळू चालतो, माझा एक कोअर तुमच्या दोघांना भारी आहे. तुम्ही म्हणायचात, रापणीचा जाळां ओढताना सगळ्यांचो असोच जोर लागता, एकटो पैलवान हाडून काय करतलंस? मग तुमच्या मेमरीची टिमकी. तिच्यात एखादा आकडा चुकला तर ती स्वतः ओळखून सुधारते, माझ्या लॅपटॉपची सुधारत नाही. मग माझं विजेचं बिल, मग तुमचं "पंख्याक काय तां वीज लागता." दर रविवारी हेच. आई मागून ओरडायची, पोरग्येक जेवलंस काय ता इचारा. मला खरंच राग यायचा, बाबा. मी ह्याच धंद्यात होते, ह्याचाच पगार घेत होते, आणि माझे वडील मला भंगारातल्या मशीनवरून अक्कल शिकवत होते.

मी म्हणायचे, एकदा समोरासमोर लावून बघू. तीच टेप, तेच काम, किती वेळ लागतो तो घड्याळावर मोजू. तुम्ही कधी तयार झाला नाहीत. मशीनवर काम चाललंय, मधे घोळ नको, हे तुमचं ठरलेलं उत्तर. तुम्ही हरायला घाबरता, असं मी एकदा बोलून गेले. त्यावर तुम्ही फोन आईकडे दिलात.

आणि मग आठ वर्षांपूर्वीची ती गावपळण. तुम्ही गावपळणीला कधी नावं ठेवली नाहीत. तीन दिवस गावात माणूस नको, गुरं नकोत, कुत्रं-कोंबडं नको, गाव देवाला रिकामा करून द्यायचा, हे तुम्ही विज्ञान शिकवूनही मनापासून पाळलंत. सर्व्हरचं काय करायचं हा प्रश्न गावात खराच निघाला. देवळातल्या बैठकीत कोणी म्हणालं, त्याला जीव नाही, राहू दे. कोणी म्हणालं, घुमतो तर आहे. तुम्ही उठून सांगितलंत की मी तो बंद करून जाईन, आवाज राहणार नाही. शब्द दिलात. निघताना बटण दाबलंत. इन्व्हर्टर उतरू नये म्हणून घरातली वीज तेवढी चालू ठेवलीत.

चौथ्या दिवशी देवाने कौल दिला, सगळे परतले. शेजारची काकी आपल्या घराचं कुलूप काढताना थांबली आणि म्हणाली, "मास्तरांनू, तुमच्या घरात कायतरी घुमता."

पुढचं मला आईने सांगितलं. तुम्ही पडवीत जाऊन त्या मशीनवर हात ठेवलात तर ते गरम होतं. गावात कोणी तुम्हाला वाकडा शब्द बोललं नाही, आपल्या गावात बोलतही नाहीत. तुम्ही पहिल्यांदा म्हणालात, बटन दाबलंय मी, दिवो गेलेलो बघलंय. दुसऱ्या दिवशी म्हणालात, दाबलंय असा वाटता. तिसऱ्या दिवशी देवळात जाऊन चार माणसांसमोर देवाला गाऱ्हाणं घातलंत, माझ्याकडसून चूक झाली म्हाराजा, मशीन बंद करूक विसारलंय. त्यानंतर तुम्ही कुलूप लावून पुन्हा मागे येऊन बघायला लागलात. गॅस बंद केला, पंप बंद केला, अशा चिठ्ठ्या खिशात ठेवायला लागलात. मी दिवाळीला आले तेव्हा तुमच्या सदऱ्याच्या खिशात अशा चार सापडल्या. तुमच्यासारख्या माणसाला स्वतःच्या डोक्याचा भरवसा वाटेनासा झाला. वर्षाच्या आत तुम्ही गेलात. डॉक्टर हृदय म्हणाले. आई देवाचा कोप म्हणते, आणि आजही तिच्या मनातून ते निघालेलं नाही.

असो. मी तुलनेचं सांगत होते. निघायच्या आधीच्या चार दिवसांत ती अखेर केली, समोरासमोर, पडवीत, एका टेबलावर. आताचा माझा लॅपटॉप नवीन आहे, दहा कोअरचा, पाठ्यपुस्तकाएवढा जाड. टेपा दोघांत वाटून दिल्या. पहिली टेप तुमच्या सर्व्हरने तीन तासांत केली, माझ्या लॅपटॉपने आपली तासाभरात. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि आईला सांगितलं. ती कुळथाची पिठी ढवळत होती, म्हणाली, बरां झालां, हात धुवन बस. दुसऱ्या टेपेला लॅपटॉपला दीड तास लागला. तिसरीला दोन. खालून इतका तापला की मांडीवर धरवेना, तापला की आपला वेग आपणच कमी करतो. मी त्याच्याखाली आईचा पोळपाट ठेवला, वर टेबलफॅन लावला. एकदा दोन टेपा एकदम दिल्या तर मेमरी पुरेना, सगळं गोठलं आणि पहिल्यापासून करावं लागलं. इतका महाग लॅपटॉप, आणि मी त्याला वारा घालत बसलेय! तुमचं धूड मात्र पहिल्या टेपेला तीन तास, दुसरीला तीन तास, तिसरीला तीन तास. पंख्यांचा तोच आवाज, तोच वेग. आपल्याला घाई आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

तरीही जिंकला लॅपटॉपच, हे स्पष्ट सांगते. नऊपैकी सहा टेपा त्याने केल्या, तीन तुमच्या सर्व्हरने. वीज तुमच्या मशीनने कितीतरी पट खाल्ली. मी बरोबर होते. आणि हे ऐकायला, ऐकून वाद घालायला, रापणीचे दाखले द्यायला घरात कोणी नव्हतं. मी चिडून पडवीत उभी राहिले. जिंकून इतकी चीड येते हे मला माहीत नव्हतं.

काल सकाळी निघालो. वेशीपर्यंत सगळे चालत, पुढे गुरं, मागे डोक्यावर गाठोडी. टेम्पो सर्व्हर घेऊन आधीच गेला होता, भंगारवाल्याकडे न्यायला वेळ उरला नव्हता. मागची गावपळण आईने एकटीने केली, मला रजा नव्हती, निदान मी तसं सांगितलं होतं. त्यामुळे ती वेशीवर काय करते ते मी पहिल्यांदाच पाहिलं. ती थांबली, हातातली पिशवी खाली ठेवली, देवळाच्या दिशेने वळून हात जोडले आणि तुमच्यासाठी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, तेंच्या हातसून जी काय चूक झाली, ती पोटात घाल. ते विसारले, म्हाराजा. तेंका मोकळो कर."

आणि थांबली. माझ्याकडे बघितलं. गाऱ्हाण्याला कोणीतरी हुंकार द्यावा लागतो, तो मी द्यायचा होता. मी म्हटलं, व्हय म्हाराजा.

बाबा, तुम्ही विसरला नव्हतात. तुम्ही बटण दाबलंत, दिवा गेला, मशीन बंद झालं. ते मी चालू केलं.

लॅपटॉप बंद केला की तो गप्प पडतो. सर्व्हर तसा नसतो. वायरला वीज असेपर्यंत त्याचा एक लहानसा भाग जागा राहतो आणि लांबून हुकूम दिला तर सगळं मशीन उठतं. तुमच्या अडचणी मला पुण्यातून सोडवता याव्यात म्हणून मीच ती सोय करून दिली होती. त्या गावपळणीच्या पहिल्या दिवशी ऑफिसात दुपारच्या सुट्टीत माझ्या डोक्यात आलं की आता घरी कोणी नाही, मशीन मोकळं आहे, तुमच्या नकळत एक टेप चालवून वेळ मोजावा आणि रविवारी तो आकडा तुमच्या तोंडावर फेकावा. इतकंच होतं. मी मशीन उठवलं, टेप लावली. काम झाल्यावर बंद करणार होते. तेवढ्यात तुमच्याकडचं नेट गेलं, ते तीन दिवस आलंच नाही. मी पुण्यात बसून सारखी बघत होते आणि मनात म्हणत होते, आपल्याकडची वीज काय टिकते, जाईलच, इन्व्हर्टरही उतरेल, मशीन पडेलच. नेमकी त्याच तीन दिवसांत गेली नाही.

परत आल्या दिवशी तुम्ही मला फोन केलात. आवाज अगदी लहान झाला होता. विचारलंत, "बंद केललां मशीन आपोआप चालू होता काय गो?"

मी म्हटलं, नाही बाबा, आपोआप होत नाही. तुम्ही विसरला असाल.

पहिलं वाक्य खरं होतं. त्याच्यावर मी आठ वर्षं काढली. आपोआप होत नाही, ह्यात खोटं काय आहे, असं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की तुमच्या कोअरच्या हिशेबाइतकंच ते मला वैतागवाणं झालंय. तुम्ही माझ्याच शब्दावर विश्वास ठेवून देवळात गेलात. मशीनच्या बाबतीत आयुष्यात एकदा माझं ऐकलंत, ते हे.

परवा सकाळी कौल झाला की परत जायचं. तोवर आईला सांगायला हवं. तुम्हाला सांगणं सोपं आहे, तुम्ही फोन आईकडे देणार नाही. ती इथेच, दोन हातांवर, फुंकणीने चूल फुंकतेय आणि मधेच माझ्याकडे बघतेय. मघाशी तिने विचारलं, इतक्या काय लिवतंस, डोळे कित्याक लाल झाले?

ऑफिसचं काम आहे, असं मी तिला सांगितलं.