बिनखिडकीची खोली

५ मार्च
आज सकाळी कामावर जाण्याआधी हिच्या खिडकीला घोंगडी ठोकायला घेतली. पहिल्याच ठोक्याला ही डोकं दोन्ही हातांनी धरून उठून बसली. मूर्खपणा माझा! मग घोंगडीची टोकं दोरीनं बांधली. तरी कडेनं उजेड येतोच. उजवा डोळा, कानशील, मान — सगळं ठणकतंय. पोटात घोटभर पाणी ठरत नाही. म्हणजे उद्या-परवा पाळी. हे आता मलाही कळतं.

६ मार्च
पाळी आली. डोकं तसंच.

९ मार्च
डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. अर्धशिशी म्हणाल्या. पाळीच्या तोंडावर अंगातलं एक संप्रेरक झपकन खाली येतं, ते हिच्या डोक्याला सोसत नाही. म्हणजे कमी पडतं का, असं मी विचारलं.

"कमी असण्याचा त्रास नाही हो. एकदम उतरण्याचा आहे."

हे मला समजलं. वस्तीला पाणी सोडायचं काम माझं. झडप एकदम फिरवली तर अख्खी लाइन धाडधाड आपटते. हात जड ठेवून, हळूहळू फिरवावी लागते. हिच्या झडपेवर कोणाचा हात आहे, देव जाणे.

गोळ्या दिल्यात. डोकं धरायला लागलं की लगेच घ्यायच्या. पाळी कायमची जाईपर्यंत हे चालायचं, आणि जाण्याआधी काही वर्षं बेभरवशाची असतात म्हणे. ही सेहेचाळीसची.

११ मार्च
आई म्हणाली, "आमच्या वेळी काय बायकांना डोकी नव्हती?" ही भांडी घासता घासता म्हणाली, "होती की. दुखतात का म्हणून विचारणारं कोणी नव्हतं." आईसुद्धा हसली. हे बरे दिवस आहेत. फार नसतात.

२४ मार्च
या खेपेला फार लवकर! डोकं आणि पाळी बरोबरच आली. गोळी घेतली, ती तशीच उलटीतून पडली. शेजारी कोणी बादली सरकवली तरी कळवळते.

घरात बिनखिडकीची खोली एकच — जिन्याखालची, देवाची. दार ओढलं की भर दुपारी काळोख. पण पाळीत बाईनं तिथं पाऊल ठेवायचं नाही, हे आईचं. माझंही. उगाच का नाकारू?

तरी हिला विचारलं, आत निजतेस का?

"नको. आधीच देव रागावलाय, त्यात आणखी कशाला?"

इतकी वर्षं ही असं समजून दुखणं काढत होती! मला म्हणाली नाही. मी विचारलंही नाही.

२५ मार्च
पहाटे देवापुढे दिवा लावला. शाळेत जायचो तेव्हापासून चुकला नाही. खोली गार, शांत. भिंतीपलीकडे ही ओकत होती. हात जोडले, पण मागायला काही सुचेना.

आईशी बोललो. ती भांडली नाही. डोळे पुसत म्हणाली, "ती आत निजणार असेल तर मला धाकट्याकडे पोचव. या वयात मला बघवायचं नाही."

धाकट्या भावाचं घर लांब नाही. पण आई परत येईल असं वाटत नाही.

२६ मार्च
आईला पहाटेच पोचवून आलो. हिला परत विचारलं, या खेपेला नको म्हणाली नाही; उचलून आत निजवलं. दुखणं तसूभर कमी नाही. उजेड टोचतो म्हणाली — आज देवापुढे दिवा लावला नाही.