दवाखाना चालू आहे, डॉक्टर

प्रिय डॉक्टर,

संसारभर मी तुम्हाला डॉक्टरच म्हणत आले, तेव्हा आता मायना बदलत नाही. लिहायला कारण झालं. आज सकाळी आपल्या केतकीने बेलापूरच्या हॉस्पिटलला फोन करून नोकरी नको म्हणून सांगितलं. तुमचा कळंबोलीचा दवाखाना चालू राहतोय. ही बातमी तुम्हाला नाही तर कोणाला द्यायची?

तुम्ही गेल्यावर ती तुमच्या खुर्चीत बसली खरी. पण तुमच्या वेळचे पेशंट आता कुठले? ट्रान्सपोर्टवाले असोत की लोखंड बाजारातले, "मी आहे ना!" एवढं तुम्ही म्हणालात की गप घरी जायचे. गोळी कशाची, कोणी विचारलं कधी? आता टेस्ट लिहिली तर "कमिशन किती मिळतं?" आणि नाही लिहिली तर "नीट बघितलंच नाही." केतकीच्या डॉक्टर मैत्रिणीला तर भर वॉर्डात पेशंटच्या मुलाने थोबाडीत मारली. तेव्हापासून केतकी मोजकंच बोलायची. पेशंट आत असला तरी दार उघडं ठेवायची, म्हणजे बाहेर नंबर देत बसलेली मी तिला दिसेन.

त्यातच एका संध्याकाळी नावड्याचा म्हात्रे तापाने फणफणलेल्या आईला घेऊन आला. केतकी बोलू लागली आणि याने मोबाइल पुढे धरून रेकॉर्डिंग सुरू केलं!

"ते बंद करा."

"राहू द्या ना मॅडम."

"मग दुसरा डॉक्टर बघा."

तो आईला धरून उठला, निघून गेला. केतकीने पेन खाली ठेवलं. "आई, लोक पुरावे गोळा करायला येतात. मला नाही जमणार. मी बेलापूरला जाते."

मी चपला सरकवल्या आणि रिक्षा स्टँडवर त्याला गाठलं. "काय हो, केस करायचीय आमच्यावर?"

"केस? कसली केस, काकू?" तोच घाबरला. "ताई उरनला हाय माजी. आईच्या औषधांचं तीच बघते. बाहेर पडलो का डॉक्टर काय बोलले ते मना आठवतच नाय. मंग ती शिव्या घालते. म्हनून भरून घेत होतो."

डॉक्टर, मला हसावं की रागवावं कळेना! "हे आत सांगायला काय झालं होतं? चला परत!" म्हणून दोघांना आत आणलं. केतकीला म्हटलं, याच्या ताईला स्पीकरवर फोन लाव आणि तिलाच सांग.

ताई वस्ताद निघाली. "टेस्ट कशाला? लॅबवाल्याशी काय ठरलंय का तुमचं?"

केतकी लाल झाली. मी खाकरले. मग ती शांतपणे म्हणाली, "काही ठरलेलं नाही. कुठल्याही लॅबमध्ये करा. ताप कशाचा आहे ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून टेस्ट."

फोनमधून आवाज आला, "'मना कलत नाय' असं कुठला डॉक्टर बोलतच नाय ओ! करून घे रे टेस्ट."

"ताप मना हाय आनि बोलता तुमीच!" म्हातारी कण्हत म्हणाली. केतकी कितीतरी दिवसांनी हसली.

टायफॉइड निघाला, औषध लागू पडलं, म्हातारी बरी झाली. आता केतकी तपासून झाल्यावर स्वतःच म्हणते, "काढा मोबाइल." आजार काय, गोळी कशासाठी, कधी परत यायचं, आणि तिला काय कळलेलं नाही तेसुद्धा सांगते. वेळ जातो. बाहेरचे कुरकुरतात, त्यांना मी गप्प करते. परवाही एकाने आरडाओरडा केलाच. पण ती उठून उभी राहिली नाही. त्याचं बोलून होऊ दिलं आणि पुन्हा समजावलं. दारही आता लावून घेते.

थोडं रागवून घेऊ? तुमचं "मी आहे ना" मला आता तितकंसं पटत नाही. लोकांनी विश्वास टाकला, तुम्ही तो सांभाळलात, हे खरं. पण लेकीला त्यातलं काय देता आलं? तो तुमच्याबरोबर गेला. तिने मिळवलेला विश्वास तिच्या बोलण्यातून आलाय, तो जास्त टिकेल असं मला वाटतं. आणि माझ्याशी तरी काय केलंत? जाण्याआधी तुमच्या छातीत दुखत होतं आणि मला म्हणालात, ॲसिडिटी आहे! मी बीएस्सी झालेली बाई, तरी एकदाही "कशावरून?" विचारलं नाही. का नाही विचारलं हो?

असो. रडगाणं गायला बसलेली नाही. मी मजेत आहे. दवाखान्यात गर्दी आहे आणि लेक घरी येऊन पोटभर जेवते.

आता वचन. जिना चढताना हल्ली मला धाप लागते. केतकीला सांगितलेलं नाही. उद्या सकाळी इतरांसारखा नंबर लावून तिच्यासमोर बसेन, सगळं खरं सांगेन, आणि ती जे लिहून देईल त्याचं कारण विचारल्याशिवाय उठणार नाही.

तुमची,
सुमन