निळ्या सदऱ्याची पट्टी

१४ जून १९९८, रविवार

आलो एकदाचे मांजलपूरला! मांडवीतल्या जुन्या बिऱ्हाडाच्या दोन खोल्यांत तुळशीची कुंडी ठेवायचीही पंचाईत होती. इथे चक्क बाग आहे. वादळाने तिची पार दैना केलीय, तो भाग वेगळा. मेंदीचं कुंपण आडवं झालंय, जास्वंद मधोमध चिरलीय. घरमालक विश्वंभरकाका वरच्या मजल्यावर एकटेच राहतात, मुलं परदेशात. बाग मी सावरीन म्हटल्यावर त्यांचे डोळे भरून आले. उन्मेष म्हणतो, पुण्याच्या नोकरीचं पत्र आलं की जायचंच आहे, कशाला जीव लावतेस? नवऱ्यांना बागेतलं काय कळतंय!

१६ जून

मोडकं तेवढं छाटलं. एका वेळी झाडाचा तिसरा हिस्साच कापायचा, जास्त नाही, ही आईची शिकवण. जास्वंद बांधायला सुतळी घेतली, तर काकांनी थांबवलं. सुतळीने साल कापते, अंगावर वापरलेलं मऊ सुती कापड हवं, म्हणाले. पटलं. उन्मेषचा निळा सदरा फाडून पट्ट्या केल्या. विटलाच होता, त्याला विचारलंसुद्धा नाही.

१९ जून

जास्वंदीला फुटवे आले! कोपऱ्यातल्या तीन तगरींनाही अशाच जुन्या पट्ट्या आहेत, सालीत रुतलेल्या. एक रेघांच्या शर्टाची, एक साडीची, आणि धाकट्या तगरीला बदकं छापलेल्या फ्रॉकची. ही धाकटी वाढतच नाही, असं काका कौतुकाने सांगत होते.

उन्मेष दोन दिवस बाजव्याला कामावर गेलेला नाही. अंगणात उन्हात बसून असतो. नुसतं पाणी मागतो.

२१ जून

शेजारच्या कांचनबेनना आधीच्या भाडेकरूंबद्दल विचारलं. नवराबायको आणि लहान मुलगी होती. कुठे गेली? "जता तो कोईए जोया ज नथी," म्हणाल्या. जाताना कुणी पाहिलं नाही, सामानाचा टेम्पोही नाही. काकांना विचारलं. पोटची मुलं गेली, पण बागेतली माणसं राहतात, म्हणाले. झाडं नाही, माणसं म्हणाले. मला हा म्हातारा आवडेनासा झालाय.

२३ जून

जास्वंदीची डावीकडची एक फांदी छाटली. आत येते तर उन्मेषच्या हातातला पेला खाली. डावा हात खांद्यापासून लुळा. डॉक्टरांना काही सापडत नाही.

योगायोग असेल. पण कात्री मी कपाटात ठेवलीय.

२४ जून

पुण्याचं पत्र आलं. वाचून दाखवलं, तो हसलाही नाही. मी ते पत्र पाकिटातून काढत होते, तेव्हा काका जिन्यात उभे होते.

मी जास्वंदीची पट्टी सोडायला धावले. आठ दिवसांत साल तिच्यावर चढलीय! नखाने जरा उचलली, तर अंगणात उन्मेष किंचाळला. मीच बांधलं त्याला. माझ्या हाताने.

२५ जून, सकाळ

काका करवतीला कानस मारताहेत. जास्वंद बुडापासून कापणार— मग जोमाने फुटते म्हणे, आणि हलायचं नाव काढत नाही.

तिसरा हिस्सा. फक्त तिसरा—

मी खिडकीतून ओरडले, आम्ही नाही जात, पत्र फाडते, सोडा त्याला. सगळे असंच म्हणतात, काका म्हणाले.

मी दाराकडे जायला उठले. पाय उचलत नाहीत.

जास्वंदीशेजारी नवी तगर. काल नव्हती. तिला पट्टी— हिरवी— वाळत घातलेला, दोरीवरून नाहीसा झालेला माझा ब्लाऊज—

काका वाकले. उन्मेष तिथेच बसलाय, त्यांच्याकडे बघतोय, हलत नाही. करवत टेकवली. उन्मेष, ऊठ, ऊठ ना, मी येतेय, मी—