वरचं पाणी, खालचं पाणी

आई, आज उस्तादाने सगळ्यांसमोर विचारलं, "तेरी आँख में मीटर है क्या?" इथे मस्कतला बेकरीत पीठ मळायला पाणी नेमकं लागतं. टाकीतलं येतं चाळीस डिग्रीचं, फ्रिजमधलं पाचचं. मी म्हणालो, टाकीचे तीन मग, फ्रिजचे दोन, सव्वीस होईल. त्याने थर्मामीटर घातला. सव्वीस. हात न बुडवता हे सातवी नापास माणसाला कोणी शिकवलं, ते मी त्याला सांगितलं. अर्धंच सांगितलं.

भाईंदरला केबिन रोडच्या बिल्डिंगींमध्ये तू तान्ही बाळं न्हाऊ घालायचीस. उकळत्याचा एक तांब्या, खालच्या पाण्याचे पाच, थंडीत चारच. खालचं म्हणजे सकाळपासून दुपारपर्यंत थेट लाइनला येणारं, वरचं म्हणजे गच्चीवरच्या काळ्या टाकीचं. स्टीलचं घमेलं गार असलं की उकळतं जरा जास्त घ्यायचीस. "आधी घमेलं न्हातं, मग बाळ," म्हणायचीस आणि बाळंतीण हसायची. मे महिन्यात वरच्या पाण्यात उकळतं घालायचं ते नुसतं नावाला. म्हणून प्रत्येक घरात तुझा पहिला प्रश्न एकच, "खालचं का वरचं?" मग शेवटी बाळाच्या आईला सांगायचीस, "कोपर घाल गं, पहिला मान तुझा." सगळ्यांना वाटायचं, रीत आहे. मला ठाऊक होतं. शुगरने तुझ्या बोटांचं कळणं गेलं होतं. एकदा मला शिव्या देता देता तू चहाचं पातेलं सांडशीशिवाय उचललंस आणि शिव्या पूर्ण होईपर्यंत खाली ठेवलं नाहीस. मी घाबरलो, म्हणालो, "कुणाला कळलं तर कामं जातील." तू बोटांवर पाणी ओतत म्हणालीस, "हाताला काय अक्कल असते रे? थंडीत एक सांगतो, उन्हात दुसरंच. मोजलेलं बदलत नाही. आणि कोपर आहे की तिचा." इतकी वर्षं एकाही कोपराने तुला चूक म्हटलं नव्हतं.

मग ते मारवाडी घर. मे महिना, अकरा वाजून गेलेले. मी सोळा वर्षांचा, शाळा सुटलेली, तुझा खांदा आखडला म्हणून पाणी भरायला आलेलो, आणि माझा सगळा जीव मोबाइलवरच्या मॅचमध्ये. तू घमेल्याशी बसून विचारतेयस, "खालचं का वरचं?" मी म्हणतोय, "खालचं." तू मोजतेयस. एक उकळता, पाच साधे. बाळाची आई, पोरगीच ती, कोपर घालते आणि ओरडते, "मौसी! कितना गरम है!" तू म्हणतेस, "गरम? पाच लोटा डाला है मैं." सासूने बाळ उचललं, शांतपणे म्हणाली, "मौसी, अब रहने दो."

बाळाला काही झालं नाही. तुला झालं. तू केबिन रोडने तशीच घरी निघालीस. आपल्या जिन्यापाशी थांबलीस, विचारलंस, "खालचंच होतं ना रे?" मी म्हणालो, "हो." तू मान हलवलीस. "मग माझं मोजणंच गेलं." दुसऱ्या दिवशी उरलेल्या दोन घरांना नाही सांगितलंस. म्हणालीस, हात गेला तर चालतं, हे गेलं तर बाळाला हात लावू नये. तुझी ती शिस्त आठवली की आजही मान खाली जाते. बाकीच्या बायका डोळ्यांवर, सवयीवर कामं रेटत होत्या, आणि तू एका चुकीवर काम सोडून उठलीस. पुढच्या वर्षी तू गेलीसच. मी भाईंदर सोडलं, मग नाशिक, मग सुरत, कुठे टिकलो नाही. इथे टिकलोय, कारण इथे रोज पाणी मोजायला मिळतं. पीठ मळायला घेण्याआधी मी पाणी भरणाऱ्याला दोनदा विचारतो, कुठल्या नळाचं. पोरं हसतात.

हे पत्र पिठाच्या गोणीच्या कागदावर लिहितोय, भट्टी तापली की आतच टाकीन. त्याआधी एवढं लिहू दे. खालचा नळ स्वयंपाकघरात होता, तिथे कुणीतरी भांडी घासत होतं. मी बाथरूममधून भरलं. तुझे पाच बरोबर होते, आई. पाणी वरचं होतं.