रोवणा सोडून

गोंदिया, १७ जुलै २०१२

लोकेंद्रदादा,

तुझ्या रेणूले मीच घेऊन आली. वहिनीले सांगून आणली, तिच्यावर चिडू नको. उद्या पोरीची धावण्याची जिल्ह्याची निवड चाचणी, अन् तू म्हणते, "धानाचा रोवणा झाल्यावर पाहू." मलेही तू असंच चार दिवस रोवण्याले म्हणून घरी नेलं होतं. मग लग्नच लावून दिलं.

आम्ही खेळाडूंच्या त्याच जुन्या वसतिगृहात उतरलो. आता तिथं खाली बगीचा अन् वर लॉज आहे. मी भांडून माझीच सात नंबरची खोली घेतली. आमच्या धावपट्टीवर फरशी बसवली, पाटी लावली, 'येथे धावू नये.' सकाळी आम्ही दोघी तिथंच धावलो. चौकीदार शिट्टी फुंकत आला. मी म्हटलं, "भाऊ, शिट्टीवर आम्ही सुटतो, थांबत नाही."

रोवण्यात धानाची रोपं लावत बाईले मागं मागं सरकावं लागते, दादा. मी तेरा वर्षं सरकली. रेणू नाही सरकणार.

तेव्हा याच खोलीतून मी तुले पत्र टाकलं होतं, "दादा, अजून एक वर्ष राहू का?" उत्तर आलं नाही, तूच न्यायले आला. आज मले काही विचारायचं नाही. म्हणून हे पत्र टाकत नाही.

तुझीच बहीण,
योगेश्वरी