‘नावाडीण’च्या पाचव्या भागाचा शेवट

मी, ‘नावाडीण’ या चित्रपटमालिकेची लेखिका व दिग्दर्शिका, वय वर्षे अडुसष्ट, हे मृत्युपत्र रुग्णालयाच्या खोलीत लिहिते. उद्या माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डोके ठिकाणावर आहे. जीव मात्र थाऱ्यावर नाही, सारखी उठून खिडकीशी जाते आहे. तरी पुढील मजकूर कोणाच्याही दडपणाखाली लिहिलेला नाही. आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक धाकट्या बहिणीस. तिने माझा एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिलेला नाही, तिला झोप लागते. घराचा त्याच्याशी संबंध नाही.

२. निर्मात्यास काहीही देऊ नये. कारण नोंदवून ठेवते. दुसऱ्या भागात नावाडिणीची नणंद पुरात बुडते. लोक खवळले, पोस्टरला काळे फासले. निर्माता म्हणाला, “पब्लिकला जिवंत हवी ना? मग करा जिवंत! आपलं काय जातंय?” मी नाही म्हणत होते, पण करार त्याच्या बाजूने होता. तिसऱ्या भागात नणंद परतली, तिचे लग्न लागले, होडीसुद्धा नवी कोरी आली. मागितले ते सगळे दिले. पहिल्या आठवड्यानंतर थिएटरात खुर्च्याच खुर्च्या.

तेव्हा मी थिएटरच्या दाराशी उभी राहिले. बाहेर पडणारी एक बाई नवऱ्याला म्हणाली, “आली परत, पण दोघी आता भांडतच नाहीत हो!” तिथे डोक्यात उजेड पडला. चौथ्या भागात नणंद-भावजय होडीत बसून अखंड भांडतात. मालिकेत तोच सर्वांत जास्त चालला.

३. पाचव्या भागाचा शेवट अजून चित्रित व्हायचा आहे. निर्माता त्यावर प्रेक्षकांचे मतदान घेणार म्हणतो. मी न उठल्यास तो शेवट, पात्रांचे हक्क व माझे संकलनाचे टेबल माझ्या संकलक बाईकडे जावे. आम्ही तिला ‘कात्री’ म्हणतो. “ताई, हा प्रसंग तुम्हाला आवडतो म्हणून राहिलाय, सिनेमाला नकोय,” असे मला तोंडावर सांगणारी ती एकटीच. कात्री, लोक कुठे चिडतात, कुठे चुळबुळतात ते कान देऊन ऐक. उपाय मात्र तुझा तू शोध.

४. ~~पाचवा भाग सर्वांआधी या वॉर्डातील सिस्टरांना दाखवावा.~~

हे कलम खोडले, त्याची हकिकत अशी. रक्त काढायला आल्या तेव्हा सिस्टर म्हणाल्या, “नणंदेला बुडवणाऱ्या तुम्हीच ना? मूठ आवळा.” सुई आत गेल्यावर पुढे म्हणाल्या, “आणि परत कशाला आणलीत? मी चांगली रडून मोकळी झाले होते.” इतके खरे मला कोणी समीक्षकाने सांगितले नव्हते, म्हणून कलम घातले. आज त्यांना वाचून दाखवले.

“खोडा ते,” त्या म्हणाल्या. “फुकट पाहिला तर शिव्या कोणत्या तोंडाने घालू? मी तिकीट काढीन. मला साक्षीदार करा.”

“शेवट काय ते तरी ऐकून ठेवा,” मी म्हटले. “उद्याचं काय सांगावं?”

त्यांनी कानांवर हात ठेवले. “एक शब्द सांगू नका! उद्या उठा आणि करा तुमचा तुम्ही.”

वरील खोडाखोड माझ्या हातची असून तिच्याशेजारी सही केली आहे.

लिहून देणार: सही (वाकडी आली आहे, तरी माझीच आहे)
साक्षीदार: १. वॉर्डच्या सिस्टर, सही
२. भूल देणारे डॉक्टर, सही
स्थळ: रुग्णालय, खिडकीजवळची खाट
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, सोमवार